गिअरबॉक्सचं तेल

“गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मॅडम. दीड लाख धरून चला.” बेंगळुरूतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आमच्या २००८च्या सिव्हिकबद्दल मला हे ऐकवलं गेलं, तेव्हा सांगणाऱ्याने बॉनेटही उघडलं नव्हतं. ते मला अजून पचलेलं नाही.

गाडी पाच गिअरची ऑटोमॅटिक. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका द्यायची, आणि ‘डी’ला टाकलं की क्षणभर काहीच नाही, मग एकदम धक्का. रोजचा रस्ता सिल्क बोर्ड ते मारतहळ्ळी. तिथे गाडी धावत नाही, सरकते. अशा सरकण्यात टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरीच ताकद वाया जाऊन तिची उष्णता होते आणि ती आधी तेलाला सोसावी लागते.

त्या संध्याकाळी मी त्याच वर्कशॉपची जुनी बिलं काढून बसले. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एसीचा फिल्टर, कूलंट, व्हील अलाइनमेंट, डॅशबोर्डला पॉलिश लावल्याचे पैसेसुद्धा होते. गिअरबॉक्सच्या तेलाची ओळ एकाही बिलात नव्हती. मी विचारलं नव्हतं असं नाही. दर सर्व्हिसिंगला विचारायचे आणि दर वेळी एकच उत्तर: “ते सील्ड असतं, बदलायचं नसतं.” अहो, या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे! तेल तपासायची सोय बनवणाऱ्यानेच दिली आहे, मग ते सील्ड कसं? ती डिपस्टिक इतक्या वर्षांत कोणी उपसून पाहिली नाही. झटके सुरू झाल्यावर त्याच माणसाचं म्हणणं फिरलं: “आता हात लावू नका, इतकं जुनं तेल काढलं तर गिअरबॉक्स बसेल.” आधी गरज नाही म्हणून नाही, नंतर उशीर झाला म्हणून नाही. मधे कधीतरी योग्य वेळ आली असेलच ना? ती सांगायची कोणी?

तेल मग घरीच बदललं. जुन्या झेड-१ तेलाची जागा होंडाच्याच डीडब्ल्यू-१ने घेतली आहे. ते जे. सी. रोडवरून पक्क्या बिलावर आणलं. “सगळ्या गाड्यांना चालतं” म्हणून मिळणारं तेल मी घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. वरचा भरायचा नट सुटतोय याची खात्री करा, मगच खालच्याला हात लावा. खालच्या ड्रेन नटला चौकोनी खाच असते, तीत ३/८ इंची रॅचेटचं टोक थेट बसतं. वॉशर नवा घाला.

लाल असायला हवं ते तेल काळपट तपकिरी निघालं, करपल्याच्या वासाचं. नटाच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, पण धातूचे तुकडे नव्हते. तो लगदा पाहून मला हायसं वाटलं, कारण इतका चुरा नेहमीच्या झिजेत येतोच.

गिअरबॉक्समध्ये साधारण सहा लिटर तेल असतं, खालून निघतं जेमतेम अडीच. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलायचं. असं तीनदा केलं की ऐंशी टक्क्यांच्या आसपास तेल नवं होतं. पातळी पाहण्याआधी रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापू द्यायचं आणि बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक बघायची. इतर पुष्कळ गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून बघतात, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक वाचा.

त्या माणसाची भीती अगदीच खोटी नव्हती, हे आता मला मान्य आहे. क्लच प्लेटा फार झिजलेल्या असतील तर नव्या तेलानेही गिअर घसरू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली तर शिव्या मेकॅनिकलाच. मशीनने दाब देऊन फ्लश करण्याच्या मीही विरोधात आहे. आमचा तिसऱ्या गिअरचा झटका गेला. सकाळी थंड गाडीला ‘डी’चा उशीर थोडा उरला आहे, म्हणजे काही झीज होऊन गेलीच असणार. तिचा विचार आला की पुन्हा डोकं तापतं.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं पावसाळी नाल्यांतून तळ्यांकडे जातं, आणि बेळ्ळंदूर तळ्याला २०१७ साली लागलेली आग या शहराने पाहिली आहे. जुनी ऑटोमॅटिक विकत घेणार असाल तर विकणाऱ्याकडे गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागा, आणि ते नसेल तर डिपस्टिक स्वतः काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.