कार्ड आणि मुक्काम

अब्बांना विनोबांचं जन्मगाव पाहायचं होतं. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. अरबी शिकून त्यांनी कुरआन वाचलं, ‘कुराण-सार’ सिद्ध केलं.

मुक्काम पनवेलला, एका साखळी-हॉटेलात. माझ्याकडं त्यांचं ‘गोल्ड’ कार्ड. मोठी खोली ‘रिकामी असेल तर’ मिळते. ती रिकामी नव्हती. न्याहारी फुकट, पण हलालची खात्री नव्हती, म्हणून अंडी-पाव आणि फळांवर भागवलं. कामी आली ती खोली १२ ऐवजी २ वाजता सोडायची सवलत. गागोद्याहून थकून परतलेल्या अब्बांनी तिथंच वुजू करून जोहरची नमाज अदा केली.

निघताना अब्बा म्हणाले, “बेटा, मुक्कामासाठी कार्ड ठीक, कार्डासाठी मुक्काम नको. भूदान मागत गावोगाव चालणाऱ्याकडं कुठलं कार्ड होतं?”