नातवाचा कॉम्प्युटर आणि पक्कं बिल



दर उन्हाळ्यात मी पापड-कुरडयांबद्दल लिहिते. यंदा गच्चीवर पापड कमी वाळले आणि घरात कॉम्प्युटरची चर्चा जास्त झाली. नातवाची बारावी आटोपली आणि त्याने जाहीर केलं, "आजी, मला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. पैसे माझे."

पैसे खरंच त्याचे होते. दहावीचं बक्षीस, दिवाळीला पाया पडून मिळालेल्या नोटा, मामाने दिलेले आणि दोन उन्हाळे आमच्या कापडाच्या दुकानात बसल्याचा पगार. सगळे मिळून ७२ हजार. त्याच्या आईला हा खर्च मान्य नव्हता, वडील गप्प होते. शेवटी ठरलं की आजीने सोबत जायचं. मी बी.कॉम. आहे आणि घरातला हिशेब माझ्याकडे असतो, एवढंच कारण.

आधी मी त्याच्याकडून शिकून घेतलं. साधा कॉम्प्युटर म्हणजे तयार दागिना, गेमिंगचा म्हणजे सोनाराकडे बसून घडवून घेतलेला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, हे सगळं ज्या पेटीत बसतं ते कॅबिनेट, आणि पडद्यावरचं हलतं चित्र घडवणारं ग्राफिक्स कार्ड. पैशाचा मोठा वाटा या कार्डात जातो. प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. म्हणून "कोणता घ्यायचा" याइतकाच "कुठून घ्यायचा" हाही प्रश्न मोठा.

गेममधल्या बंदुकांबद्दल तुम्ही विचारणारच. मीही विचारलं. तो म्हणाला, "आजी, फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती जास्त खेळतो. बंदुकीचे पण खेळतो, खोटं नाही सांगत." मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. मनाने केलेली हिंसासुद्धा हिंसाच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तेवढं मी त्याला सांगितलं आणि कॉम्प्युटर बैठकीत, सगळ्यांसमोर ठेवायचा, अशी अट घातली. त्याने ती मानली.

सोबत जायचं माझं आणखी एक कारण होतं. १९९९ मध्ये आम्ही लेकासाठी पहिला कॉम्प्युटर घेतला होता. तेव्हाचे ३८ हजार. दुकानदार म्हणाला, बिल नको असेल तर विक्रीकराचे पैसे वाचतील. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तीन महिन्यांत मॉनिटर बंद पडला. उघडून पाहिलं तर तो आधी कुठेतरी वापरलेला, वरून साफसूफ केलेला. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "बिल आहे का?" परत येताना बसमध्ये लेक म्हणाला, "आई, बिल नको तर आपणच म्हणालो होतो ना?" तेव्हा तो अकरावीत होता. ते वाक्य मी विसरले नाही.

तर यंदा आम्ही पहिल्यांदा इथेच, धामणगावात चौकशी केली. प्रिंटर आणि सीसीटीव्ही लावून देणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "काकू, गेमिंगचं मी करत नाही. मागवून देईन, पण बिघडलं तर मलाच अमरावतीला न्यावं लागन. तुम्ही तिकडूनच घ्या. घरची अर्थिंग मात्र आधी पाहून घ्या." हातचं गिऱ्हाईक सोडून खरं सांगणारा दुकानदार पाहिला की मला बरं वाटतं.

मग ऑनलाइन. नातवाने सगळे भाग निवडून बेरीज केली, ७१ हजार झाली. स्वस्त होतं, बिलही पक्कं मिळतं. पण सात पार्सलं सात दिवशी येणार, जोडायचं आपण. सुरू झालं नाही तर दोष कोणत्या भागाचा हे ओळखायचंही आपणच, आणि तो भाग पुन्हा पॅक करून सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. शिवाय पत्त्यात नुसतं धामणगाव लिहून भागत नाही. बुलढाण्याकडे धामणगाव बढे आहे, आपल्याच जिल्ह्यात धामणगाव गढी आहे. 'रेल्वे' लिहायचं राहिलं की पार्सल फिरायला निघतं, हा तुम्हा सगळ्यांचा अनुभव असेल.

मग एका सकाळी डबा बांधून आम्ही नागपूरची गाडी धरली. पुलगाव, वर्धा करत सीताबर्डीला पोहोचलो. तिथे कॉम्प्युटरची दुकानं जवळजवळ आहेत, त्यामुळे भाव लगेच ताडून पाहता येतो. एका दुकानात सगळं मनासारखं जमलं. सत्तावीस इंची मॉनिटर, कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे पंखे. भाव ७४ हजार. मग दुकानदार आवाज कमी करून म्हणाला, "बिनबिलाचं ६६ ला देतो, मावशी. विंडोज टाकून देतो आणि वीसेक गेम फुकट."

नातू माझ्या कानाशी आला. "आजी, आठ हजार वाचतात. खुर्चीपण येईल."

मी कागद मागून हिशेब मांडला. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी. ७४ हजारांत कर सामावलेला असेल तर मूळ किंमत ६२,७१२ आणि कर ११,२८८. म्हणजे दुकानदार सरकारचे ११,२८८ चुकवतो, त्यातले आठ हजार मला देतो आणि बाकीचे स्वतः ठेवतो. या ८,००० च्या बदल्यात माझ्या हातात वॉरंटीचा कागद राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पक्क्या बिलाने आणलेला माल बिनबिलाचा विकला, तर दुकानदाराच्या वहीत तो शिल्लक दिसतो आणि फळीवर मात्र नसतो. वही आणि फळी जुळत नाही. म्हणून जो माल बिनबिलाचा विकायला काढतात, तो मुळात बिनबिलाचाच आलेला असण्याची शक्यता जास्त. परदेशातून आडमार्गाने आलेला, म्हणजे इथली कंपनी वॉरंटी देणार नाही असा, किंवा आधी वापरलेला. नातवानेच मला सांगितलं होतं की, इथेरियम नावाचं आभासी चलन मिळवण्यासाठी लोक रात्रंदिवस ग्राफिक्स कार्डं चालवत. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि घासलेली कार्डं जुन्या बाजारात आली. तेच मी त्याला परत विचारलं, "हे कार्ड कुठून आलं हे तुला कसं कळणार?" तो गप्प झाला.

परतीच्या गाडीत मला स्वाध्यायातलं आठवलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार येतात. त्यात तदाहृतादान आहे, म्हणजे चोरून आणलेला माल घेणं. विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणं. प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे अस्सल सांगून नकली खपवणं. इतकी वर्षं मी ते व्यापाऱ्यांसाठी आहे असं समजत होते. त्या दिवशी ते एका दुकानातल्या एका भावात एकत्र दिसले: बिनबिलाचा माल, चोरलेलं विंडोज, फुकटचे गेम आणि नवं म्हणून कदाचित जुनं कार्ड. आणि पैसे देणारी मी असणार होते.

दिवस मावळायच्या आत घरी पोहोचलो. जेवायला बसल्यावर मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ऐकून घेतल्यावर नातवाने विचारलं, "आजी, आपल्या दुकानात सगळ्यांना पक्कं बिल देतो का आपण?"

कोणी काही बोललं नाही. लेकाने हातातला घास खाली ठेवला. हे ताटाकडे पाहत राहिले. मी बोलायला हवं होतं, कारण तीस वर्षं वही मीच लिहिते. शेवटी लेक म्हणाला, "नाही. सगळ्यांना नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल न देण्याची मुभा कायद्यात आहे. पण हल्ली २०० रुपयांत कोणती साडी येते? ऑनलाइनवाले आपला धंदा खातात म्हणून आम्ही रोज कुरकुरतो. ते निदान प्रत्येक वस्तूचं बिल देतात.

कॉम्प्युटर आम्ही अमरावतीहून घेतला. तिथल्या दुकानदाराने भाव आधी सांगितला नाही. त्याने विचारलं, "कुठे ठेवणार? एसी आहे का? कूलर त्याच खोलीत आहे का?" वऱ्हाडातला मे महिना आणि कूलरची ओल माहीत असलेला माणूस. त्याने हवा खेळती राहील असं कॅबिनेट सुचवलं आणि एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका म्हणाला, कारण तो बिघडला तर बाकीचे भागही घेऊन जातो. भाव ७६,५००. नागपूरपेक्षा अडीच हजार जास्त. पण काही झालं तर सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येता येतं.

पैसे कमी पडत होते. साडेचार हजार मी घालू शकले असते, पण घातले नाहीत. नातवाने स्वतःच रंगीत दिवे काढले, मॉनिटर चोवीस इंची घेतला आणि ७१,८०० वर आणलं. अस्सल विंडोज त्यातच. यूपीएस मात्र माझ्याकडून. धामणगावच्या त्याच मुलाकडून घेतला आणि त्यानेच अर्थिंग नीट करून दिली.

तुमच्याही घरी ही मागणी आज ना उद्या येईल, म्हणून जे केलं ते सांगते. प्रत्येक भागाचा डबा आमच्यासमोर उघडायला लावला. प्रत्येकाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला, कारण पुढे तोच विचारतात. कोणत्या भागाची वॉरंटी दुकान पाहील आणि कोणत्या भागासाठी कंपनीकडे जावं लागेल, हे बिलामागे लिहून घेतलं. जोडल्यावर दोन तास दुकानातच गेम चालवून पाहिला. डबे वर्षभर माळ्यावर राहतील. ऑनलाइन घेणार असाल तर पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, माल कुठूनही घेतलेला असो. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही नाही. बिल मात्र हवं.

कॉम्प्युटर बैठकीत सुरू आहे. परवा नातवाने मला गाडी चालवायला दिली, मी ती सरळ भिंतीवर नेली. बिल मी माझ्या कपाटात, घराच्या कागदांसोबत ठेवलं आहे.

आणि दुकानाचं म्हणाल, तर मी लेकाला एवढंच म्हटलं की एक तारखेपासून बिल फाडल्याशिवाय मी वही लिहिणार नाही. त्याने हो म्हटलेलं नाही. पण बिलाचं मशीन मागच्या फळीवर होतं, ते आता गल्ल्याजवळ आलं आहे.

जय जिनेंद्र.