सागाची धूळ आणि पत्र्याचा शंकू

मुंबईहून नाशिकला येताना घोटीला भातगिरण्या लागतात. गिरणीच्या छपराशी पत्र्याचा एक उलटा शंकू दिसतो, वरच्या अंगाला बाजूने जाड नळ जोडलेला. हवेबरोबर उडणारा कोंडा-फोलपटं हवेतून वेगळी करायची ही सोय. हीच युक्ती 1880च्या दशकात अमेरिकेत पिठाच्या गिरण्यांसाठी पेटंट झाली, आणि आजही शंकूच्या आत हलणारा एकही भाग नाही. घरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी धूळ वेगळी करणारी वस्तू करायला घेतली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हाच शंकू होता.

नाशकात लाकडाचा नाद असलेल्याला जुनं सागवान मिळतं. गावठाणातले वाडे उतरले की त्यांच्या तुळया आणि चौकटी वखारीत येतात. काळ्या पडलेल्या तुळईवर रंधा मारला की आतून तेलकट, सोनेरी लाकूड उघडं पडतं. त्या वासासाठी मी दिवसभर उभा राहीन. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात, झाडून घेतल्या की झालं. सँडर लावला की मात्र सगळं बदलतं. धूळ मनगटाला खाजते, घशाशी कडवट लागते, आणि काम थांबल्यावरही उन्हाच्या तिरिपेत कितीतरी वेळ तरंगत राहते. त्या तिरिपेत दिसते ती त्यातल्या त्यात जाडच. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ 10 मायक्रॉनच्याही खालची, वेगवेगळी नजरेस न पडणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला आणि सायनसला. हे वाचल्यापासून तोंडाला रुमाल बांधून सँडर चालवणं मी बंद केलं.

खळ्यावर उफणताना वारा हलकं फोलपट दूर नेतो आणि दाणा पायाशी पडतो. इथे त्याच वाऱ्याला गोल फिरवायचं. हवा कडेने आत शिरते, भिंतीलगत भोवरा धरते. भुशाच्या कणाला तेवढं वळण झेपत नाही, तो भिंतीला घासत खाली डब्यात उतरतो. हवा तळाशी उलटून मधल्या नळीतून वर निघून जाते.

मापं मी स्टेअरमंड या ब्रिटिश अभियंत्याने 1951 मध्ये मांडलेल्या प्रमाणांवरून घेतली. वरच्या नळकांड्याचा व्यास 20 सेंटिमीटर धरला, तर मधली नळी 10ची, खालचं तोंड साडेसातचं, आणि शंकूची उंची 50. हा शंकू सपाट पत्र्यावर उलगडला की वर्तुळाचा जवळजवळ आठवा हिस्सा होतो: बाहेरची त्रिज्या साधारण साडेऐंशी, आतली तीस. एवढा मोठा कंपास कुठला असायला? भद्रकालीतल्या पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांनी माझा कागद नुसता पाहिला, पत्र्याच्या कडेला खिळा ठोकला, सुतळी बांधली आणि दोन कमानी ओढल्या. जोडासाठी बोटभर पत्रा जास्त ठेवला. "आतली कड वाऱ्याच्या तोंडाला नको ना?" हे त्यांनीच विचारलं. पत्रा मुरडून त्यांनी डाख दिला, आणि आतून हात फिरवला तर कुठे खरखर लागली नाही.

बाकीचं सामान शेतीच्या दुकानातलं. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कुठेही मिळतो, आणि पंपाला लावायचा सक्शन पाइप ओढीने चेपत नाही, म्हणून लवचीक नळ तोच घेतला. खालचा डबाही जाडच हवा. पातळ पत्रा ब्लोअर सुरू होताच आत बसतो.

पण सगळा जीव या डब्याच्या झाकणात आहे. शंकूच्या तळाशी हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो. झाकणाला सुईएवढी फट राहिली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि खाली पडलेली धूळ उचलून सरळ वर घेऊन जाते. म्हणून ब्लोअर चालू करून प्रत्येक जोडावरून पेटती उदबत्ती फिरवायची. जिथे धुराची रेघ वाकून आत जाईल, तिथे सिलिकॉन भरायचं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. भुसा आणि जाड धूळ शंकू धरतो. अगदी बारीक धुळीतली काही त्यातूनही निसटते, आणि ती अडवायचं काम पुढच्या फिल्टरचं. शंकूमुळे हा फिल्टर लवकर तुंबत नाही, आणि ओढ टिकून राहते. ओढ कमी झाली की धूळ सँडरपाशीच सुटते, आपल्या तोंडासमोर. डबा स्वच्छ भरला म्हणून मास्क काढणाऱ्यांशी मी वाद घालतो.

मी सुट्टीच्या दिवशी लाकूड घासतो. गंगापूर रोडच्या किंवा पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये फर्निचर करणारे मिस्त्री बंद खोलीत रोज प्लाय आणि एमडीएफ कापतात. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर डिंकही असतो. ग्राहक सनमायकाच्या रंगावर तासभर बोलतो, पण धुळीच्या बंदोबस्ताचे पैसे कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. ते असायला हवेत, मजुरीइतकेच ठरलेले. आमच्या स्वयंपाकघराचं काम केलेले मिस्त्री हा शंकू बघायला आले, तेव्हा त्यांची पहिली अडचण उंचीची होती: हे लिफ्टमधून, स्कूटरवरून न्यायचं कसं? प्रश्न रास्तच आहे. आता 15 सेंटिमीटर व्यासाचा, शंकू आणि डबा वेगळे होणारा नमुना आम्ही दोघं मिळून आखतोय. झाकणाला रबराची पट्टी लावायची की क्लिपा, एवढंच ठरायचं आहे. क्लिपा धुळीने अडकतील असं त्यांचं म्हणणं आहे.