झिजणाऱ्या टेकडीवरचे गाव

वाचकहो, धरणाखाली गेलेली गावे तुम्ही ऐकली आहेत. साथीने किंवा दुष्काळाने ओस पडलेलीही ऐकली असतील. पण पायाखालची जमीनच झिजत गेल्याने ओस पडलेले एक गाव इटली देशात आहे. त्याचे नाव चिविता. शेजारच्या बान्योरेजो गावाची ही वाडी, म्हणून तिला ‘चिविता दि बान्योरेजो’ म्हणतात. रोम शहराच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर, बोल्सेना सरोवर आणि टायबर नदीचे खोरे यांच्या मधल्या मुलखात, एका सुट्या उभ्या टेकडीवर ती बसली आहे.

ही टेकडी कशाची बनली आहे ते आधी पाहू, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. वर ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला खडक. कापायला सोपा, बांधकामाला चांगला. त्याच्या खाली मात्र चिकणमातीचा जाड थर. फार प्राचीन काळी येथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. चिकणमातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा! भिजली की फुगते आणि घसरते, वाळली की भेगाळते. दोन्ही अंगांनी वाहणारे ओढे तिचा पायथा कुरतडतात. खालचा आधार गेला की वरच्या खडकाची कड तुटून दरीत जाते. भोवतालच्या दऱ्यांत उघड्या करड्या मातीच्या, सुरीच्या पात्यासारख्या धारा उभ्या आहेत. तिकडे त्यांना ‘कालांकी’ म्हणतात. प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात. ज्याने मृद्संधारणाचे काम केले आहे, त्याच्या मात्र त्या नुसत्या पाहून पोटात गोळा येतो.

गाव वसवले ते एत्रुस्कन लोकांनी, अडीच हजार वर्षांपूर्वी. पुढे रोमन आले. मध्ययुगात गाव चांगले नांदते होते. ख्रिस्ती धर्मातील थोर संत बोनाव्हेंतुरा यांचा जन्म सुमारे १२२१ साली येथलाच. ते १२७४ साली वारले. त्यांचे जन्मघर आज शोधू नका, ते कधीच कड्यासह खाली गेले.

मोठा घाव बसला ११ जून १६९५ रोजी. भूकंपाने घरे पडली, वाट खचली. धर्मगुरूंची गादी आणि कारभार शेजारी, म्हणजे आजच्या बान्योरेजोत हलला. त्यांच्यामागून माणसेही गेली. आज तेथे कायम राहणारी माणसे जेमतेम दहा-पंधरा असतील.

आता चला गावात. मोटारीला वाट नाही. दरीवरून पायपूल आहे, सुमारे ३०० मीटर लांब, शेवटी चांगलाच चढ. आधीचा पूल १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने उडवला. हा सिमेंटचा पूल १९६५ साली झाला. पूल संपला की खडकात कोरलेली वेस लागते. वेशीच्या आत एका वाड्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. तिच्या खिडक्यांतून पलीकडे आभाळ दिसते. मागचा वाडा नाहीच!

पुढे चौक. फरसबंदी नाही, साधी दाबलेली जमीन, आणि समोर सान दोनातोचे देऊळ. आतील लाकडी क्रूस पंधराव्या शतकातला आहे. गुड फ्रायडेला तो मिरवत बान्योरेजोला नेतात आणि रात्रीच परत आणतात. मध्यरात्रीपूर्वी वेस ओलांडली नाही तर क्रूस बान्योरेजोचा होईल, अशी आख्यायिका आहे. याच चौकात जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये गाढवांच्या शर्यती होतात. गाढव कुणाचे ऐकते थोडेच! त्यामुळे प्रेक्षकांची मोठी करमणूक होते.

खडकात कोरलेल्या गुहाही पाहण्यासारख्या आहेत. कोठे दारूचे तळघर, कोठे कबुतरांसाठी भिंतीत खोदलेले कोनाडे. एका गुहेत ऑलिव्हच्या तेलाचा जुना घाणा आहे. दगडी चाक, आणि ते फिरवायला गाढव. आपल्याकडे बैल, तिकडे गाढव, एवढाच काय तो फरक.

टेकडी वाचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. २००४ साली खडकात पोलादी सळया घालून तो बांधून धरण्याची योजना पुढे आली. २००६ साली जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत चिविताचे नाव आले. २०१३ पासून पुलावर तिकीट आहे. आधी दीड युरो होते, पुढे वाढत पाच युरोवर गेले. तिकीट लागले तर लोक येणार नाहीत, अशी भीती होती. झाले उलटेच. आता वर्षाला लाखो प्रवासी येतात, बान्योरेजोच्या तरुणांना गावातच काम मिळाले. खाणावळी चालतात, घरे दुरुस्त होतात. संध्याकाळी मात्र प्रवासी आणि बरेचसे दुकानदारही पूल ओलांडून निघून जातात. मागे राहतात ती दहा-पंधरा माणसे, गावातली मांजरे, आणि खाली पायथा कुरतडणारे ते दोन ओढे.