भोसरीहून डोंगराकडे

भोसरीच्या एमआयडीसीत लहान-मोठ्या कारखान्यांतून वाहनांचे सुटे भाग घडतात. आठवडाभर लेथ आणि बिलांत गुंतलेला येथील तरुण सुट्टीच्या दिवशी नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर ओलांडून भीमाशंकरकडे निघतो, तेव्हा डांबर व माती दोन्हींवर चालणारी दुचाकी त्याला खुणावते.

2019 मध्ये आलेल्या हीरो एक्सपल्स 200 चे पुढचे चाक 21 इंची, मागचे 18 इंची. पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच. खड्डे आणि दगडगोटे तिला फारसे अडवीत नाहीत. मात्र जमेसोबत खर्चाची बाजूही वाचावी. 823 मिलिमीटर उंचीच्या आसनावरून कमी उंचीच्या चालकाचे पाय नीट टेकत नाहीत; साडी नेसलेल्या आईला मागे बसणे अवघड जाते; महामार्गावरील वेगात 200 सीसीचे इंजिन तोकडे पडते.

आणखी एक नोंद महत्त्वाची. नंबर प्लेट ही रस्त्यापुरतीच परवानगी असते. भीमाशंकर हे अभयारण्य आहे. वाट सोडून गवतात चाक घातले की माती उकरली जाते, लहान जीव चिरडले जातात.

म्हणून घेणाऱ्याने आधी आपला रस्ता मोजावा: रोजचा भोसरीचा, की वर्षातून चारदा डोंगराचा?