केसांचे मोल

टकलाची थट्टा फार जुनी आहे. अलीशा संदेष्ट्यालाही पोरांनी त्यावरून हिणवल्याचे जुन्या करारात आढळते. उलट कित्येक शतके धर्मसेवेत पाऊल टाकणारा तरुण टाळूवरचे केस आपण होऊन कापू देत असे. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो विधी बंद केला. केस जाण्याची लाज मानावी की भूषण, हे मनुष्यच ठरवीत आला आहे.

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत संगणकाच्या नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या पुतण्याचे मात्र अशा चिंतनाने समाधान होणारे नव्हते. वय २८, लग्न ठरलेले आणि केस झपाट्याने मागे हटणारे. टँकरच्या पाण्याला दोष देऊन झाला. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी फिनास्टेराइडची गोळी सुचविली. “काका, घेऊ का?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्या गोळीची कुळकथा वाचून काढली.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत व वयात येताना पुरुष होत. १९७४ मध्ये त्यांच्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉनला अधिक प्रभावी रूप देणाऱ्या एका विकराची त्यांच्यात उणीव होती. आणि त्यांना पुढे टक्कलही पडत नसे. तेच विकर ही गोळी रोखते. अमेरिकेत १९९२ मध्ये ती पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर आणि १९९७ मध्ये केसांसाठी मान्य झाली.

चाचण्यांत कामेच्छा वा पौरुष मंदावल्याची तक्रार गोळी घेणाऱ्या शंभरांतील सुमारे चौघांनी केली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतील दोघांनी. धोका थोडा, पण थोडा म्हणजे शून्य नव्हे. बहुतेकांचा त्रास गोळी थांबविल्यावर जातो. काहींचा नंतरही राहिल्याच्या नोंदी आहेत. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्मघाताचे विचार हाही तिचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. शिवाय गोळी सोडली, की राखलेले केस वर्षभरात जातात.

मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटले नाही. विवाह हा दोघांचा संस्कार. ज्याची झळ दोघांच्या संसाराला लागू शकते, ते एकट्याने गुपचूप ठरवू नये, एवढेच सांगितले. त्याने वाग्दत्त वधूपुढे सारे मांडले. तिने एकच प्रश्न विचारला : “पूर्वी कधी मन फार खचले होते का?” महाविद्यालयात असताना खचले होते. हे डॉक्टरांच्या कानी घालताच त्यांनी गोळीचा सल्ला मागे घेतला.

विवाहपूर्व मार्गदर्शनात मनमोकळेपणाचा आग्रह धरतात, तो अशा लहानसहान गोष्टींसाठीही असतो. डोक्यावरचे केसही पित्याने मोजले आहेत, हे प्रभूने सांगितले ते शिष्यांची भीती घालविण्यासाठी. केस राखावेत की जाऊ द्यावेत, याचा निर्णयही भीतीपोटी होऊ नये.