पाठराखीण

परवा नातीचा फोन आला. पुण्याला हिंजवडीत नोकरी लागून तिला जेमतेम आठवडा झालाय. म्हटलं, "काय गं, कसं काय ऑफिस?" तर म्हणाली, "आबा, मला एक बडी दिलीय!"

"दिलीय म्हणजे? कंपनी देते?"

"हो. साहेब नाही हं ती. चार वर्षांची जुनी मुलगी आहे. रजेचा अर्ज कुठे भरायचा, कॅन्टीनमध्ये काय खायचं नाही, कुठल्या साहेबांना सकाळी सकाळी काही विचारायचं नाही, हे सगळं तिला विचारायचं. तीन महिने." आणि लगेच पुढचा प्रश्न, "बडीला मराठीत काय म्हणायचं?"

निवृत्त मास्तरला मराठी शब्द विचारला की त्याची कळी खुलते. मी म्हटलं, "पाठराखीण."

आमच्या पिढीला हा शब्द सांगावा लागत नाही. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची कुणीतरी जात असे. आत्या, मोठी बहीण, कुणीही. दोन-चार दिवस राहायची. नवरीला पाणी हवंय, रडू येतंय, मोरी कुठे आहे ते कुणाला विचारावं कळत नाही, हे सगळं तिने सांभाळायचं. नात हसली, म्हणाली, "पण आबा, माझी बडी तर सासरचीच आहे."

फोन ठेवल्यावर मी त्यावर बराच वेळ विचार करत बसलो. माझी पाठराखीणही सासरचीच होती. १९७५ साली मिळाली, आणि तिला चांगल्या जाड मिशा होत्या.

त्या जूनमध्ये मी अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढे एका आश्रमशाळेवर रुजू झालो. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. वय तेवीस, हातात बी.ए., बी.एड.च्या पदव्या, एक वळकटी आणि ट्रंक. मुख्याध्यापकांनी रुजू अहवालावर सही घेतली, हजेरीपट दिला, वर्गाची किल्ली दिली आणि कामाला निघून गेले. दहा मिनिटांत मी शिक्षक झालो!

पुढचं सगळं शिकवलं ते शाळेच्या कामाठीने. सगळे त्यांना मामा म्हणत. ते मूळचे मणिबेलीचे, नर्मदेच्या अगदी काठचे. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. पहिल्या रात्री कंदील घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, बूट सकाळी झटकून घाला. विंचू असतो." झाली माझी सुरुवात.

त्याच रात्री पहिलीतलं एक पोर "याहा, याहा" करत रडत होतं. मी पाणी दिलं, गोळी दिली, दामटून पाहिलं. मामा म्हणाले, "गुरुजी, याहा म्हणजे आई." पदवीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत झालेला मी, आणि माझ्या वर्गातल्या पोरांची भाषाच मला येत नव्हती. हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना विचारलं नसतं. नव्या माणसाला साहेबासमोर अडाणी दिसायचं नसतं ना!

दुसऱ्या आठवड्यात मी एका पाचवीतल्या मुलाच्या थोबाडीत मारली. पाढा चुकला म्हणून. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत एक ताट कमी भरलं. मुलगा पळाला होता. मुख्याध्यापक तालुक्याला गेलेले. माझे पाय लटपटायला लागले. मामांनी बॅटरी घेतली आणि म्हणाले, "चला. पोरं रस्त्याने जात नाहीत, नाल्यानाल्याने जातात."

दोन डोंगर ओलांडून रात्री उशिरा त्याच्या पाड्यावर पोचलो. पोर घरात झोपलेलं. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच मामा हळूच म्हणाले, "आधी खा, मग बोला." त्याच्या आईने मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ दिली. मी खाल्ली. बाई काही बोलली नाही, पण सकाळी तिने मुलाला स्वतःहून आमच्याबरोबर धाडलं.

परतताना मी विचारलं, "मामा, हेडगुरुजींना सांगणार का?" म्हणाले, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." मी सांगितलं. बोलणी खाल्ली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा कुणावर हात उचलला नाही.

होळीला मुलं घरी जातात आणि लगेच परत येत नाहीत, त्यांची नावं कमी करायची नाहीत, हेही मामांनीच सांगितलं. काठीच्या होळीला मला तेच घेऊन गेले. पुढे एका सुट्टीत आपल्या घरी, मणिबेलीलाही नेलं. नर्मदा, जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ, काठावरची शेतं मी पाहिली ती तेव्हा. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीतली घरं जायला लागली. महाराष्ट्रातलं बुडणारं ते पहिलं गाव. देऊळही पुढे पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं वर डोंगराकडे सरकली, काही पुनर्वसनात गेली. मामा निवृत्त होऊन मुलाबरोबर तळोदा तालुक्यातल्या एका वसाहतीत आले.

आता जे सांगायचं आहे ते फारसं अभिमानाचं नाही.

२००३ साली मी दुसऱ्या एका आश्रमशाळेवर मुख्याध्यापक होतो. नुकतीच शिक्षणसेवक योजना आलेली होती. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम, मग कायम. मराठवाड्यातला एक मुलगा गणिताला रुजू झाला. हुशार, लाजरा. मी रुजू अहवालावर सही घेतली, हजेरीपट दिला, किल्ली दिली आणि जिल्ह्याच्या मीटिंगला निघून गेलो. नंतर विचारायचं राहून गेलं. तोही काही बोलला नाही. मला वाटलं, रुळला. एकोणिसाव्या दिवशी तो रजा टाकून गावी गेला, तो परत आलाच नाही. जून उजाडेपर्यंत आठवीला गणिताचा शिक्षक नव्हता. मी सगळ्यांना सांगत फिरलो, "आजकालच्या पोरांत दम नाही."

त्याच हिवाळ्यात तळोद्याच्या बाजारात मामा भेटले. खूप थकले होते. त्यांनाही मी तेच ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, त्याला जेवायला घरी नेलं होतं का?"

मी गप्प. मग ते आपलंच बोलल्यासारखं म्हणाले, "आम्ही वसाहतीत आलो तेव्हा जमीन दाखवली, कागद दिला. पाणी कुठलं प्यायचं, शेजारी कोण, कुणी नाही सांगितलं. पोरं परत नदीवर जाऊ म्हणत होती."

मी त्यांच्यापासून एका बसच्या अंतरावर राहत होतो. तिथे आल्यावर त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो.

नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा काढल्या. मणिबेलीलाही निघाली. तिथे शिकवायला गावातलीच तरुण मुलं घेतली, पहिले धडे मुलांच्या बोलीत. त्या शिक्षकांना 'याहा' म्हणजे काय ते सांगायला मामा लागले नाहीत. पण बाहेरून येणाऱ्याला लागतात, आणि बाहेरून माणसं येतच राहणार.

नातीने मग एक लेख पाठवला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ६०० नव्या लोकांना असे बडी दिले होते, त्याची माहिती २०१९ साली छापून आली होती. पहिल्या ९० दिवसांत बडीला किमान एकदा भेटलेल्यांपैकी ५६ टक्के म्हणाले की त्यामुळे कामाला लवकर लागता आलं. आठहून जास्त वेळा भेटलेल्यांत हेच म्हणणारे ९७ टक्के. म्हणजे नुसतं नाव नेमून भागत नाही, पुन्हा पुन्हा चौकशी करावी लागते. मामांनी आकडे काढले नव्हते, पण ते रोज संध्याकाळी कंदील घेऊन येत, हे मला आठवतंय.

त्या मराठवाड्यातल्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. कुठेतरी चांगला शिक्षक झाला असेल, अशी आशा आहे. असो.

काल नातीचा परत फोन. पुढच्या वर्षी तिलाही कुणाची तरी बडी व्हायला सांगणार आहेत. "आबा, काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी डबा दोघींचा ने."